कौतिक ऊनी

धुळे, गल्ली नंबर चार
श्रावण वद्य, १९५८

प्रिय मोगरा,

पत्राच्या डोक्यावर 'सौ. वहिनीस' असं लिहायला हवं होतं, हे मला कळतं. तू आता भावाची बायको, नात्यानं माझ्यापेक्षा मोठी. पण ज्या पोरीबरोबर मी परकर खोचून चिंचा पाडल्या तिला वहिनी म्हणताना माझी जीभ अजून अडखळते, तिथे हात काय लिहिणार. तेव्हा मोगराच. भावाचं कार्ड मिळालं. पोळा झाला की बारसं करायचं म्हणतो, आत्या म्हणून तू आदल्या दिवशीच ये, नाव तुलाच ठेवायचं आहे, असं त्यानं मोठ्या अक्षरांत लिहिलंय. कार्ड मी घड्याळामागे खोचून ठेवलंय आणि मुद्दामच उत्तर धाडलं नाही. एकुलती एक आत्या मी. मी आले नाही तर तुझ्या लेकीच्या कानात नाव कोण सांगणार? माय तर दुसऱ्या कुणाला पाळण्याजवळ उभी करणार नाही. म्हणजे तुम्ही सगळे माझ्या उत्तराची वाट बघत बसला असणार, आणि खरं सांगू का, मला त्याचं बरंच वाटत होतं. बसू देत, म्हटलं. यायचं की नाही ते मी आधी ठरवीन. आणि ठरवण्याआधी जे पोटात आहे ते एकदा ओकून टाकते. मोगरे, मी तुझ्यावर जळते. आजची नाही, फार दिवसांची जळते.

तुला ठाऊक नसेल असं नाही, पण कुणी तोंडानं बोललं नाही एवढंच. तू खालच्या गल्लीतली, मी वरच्या गल्लीतली. तुझा आवाज पहिल्यापासून असा मोकळा, की विहिरीवर तू गायला लागलीस की बाया घागरी भरायच्या विसरायच्या. मी गायले तर माय म्हणायची, हळू गं, म्हैस बुजेल. आम्ही सगळ्या हसायचो, मीही हसायची. मग तू आमच्याच घरात आलीस. भाऊ पसंत करायला दहा गावं हिंडला आणि शेवटी आपल्याच गावातली केली. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. वाटलं होतं, मैत्रीण घरात येते. पण मी धुळ्याला परत गेले आणि तू माझ्या घरात राहिलीस, हे मला नंतर हळूहळू कळत गेलं. पहाटे मायच्या समोर जात्याला तू बसतेस. खुंट्याला एक हात तिचा, एक तुझा. तिच्या तोंडून ओवी निघते ती आधी तुझ्या कानात जाते. लोणच्याची बरणी तू भरतेस, आणि माय मला सांगते, औंदा मोगराच्या हातचं लोणचं कसं मुरलंय बघ. भाऊ जळगावला कापूस घालून येतो तेव्हा दोन लुगडी आणतो, एक तुला आणि एक मला, सारख्याच किमतीची. पण काठ तुझाच रुंद असतो. मी मोजून बघितलेला नाही, पण दिसतो.

आणि नाव. माझ्या लग्नात सासूबाई म्हणाल्या, कौतिक हे काय बाईचं नाव? कौतिक तर बाप्यांचं असतं, आमच्या गल्लीत एक कौतिक टांगेवाला आहे. ताटात तांदूळ पसरले, यांनी अंगठीनं 'सुनंदा' लिहिलं, झालं. तेव्हापासून मी इथे सुनंदाबाई. दूधवाला सुनंदाबाई म्हणतो, रेशनकार्डावर सुनंदाबाई, शेजारची लताबाई तर मला 'सुनंदे' म्हणून अशी हाक मारते, जणू जन्मापासून ओळखते. कौतिक म्हणणारी इथे एक म्हणून नाही. तुझ्या लग्नातही तांदळाचं ताट आलं होतं. भावानं अंगठी हातात घेतली आणि माय मधे बोलली. म्हणाली, नाव बदलू नका, मोगरा माझ्या तोंडात बसलंय. अंगठी भावानं गुपचूप बोटात घातली. मी मांडवात तुझ्या शेजारीच उभी होते. माझ्या वेळी माय अशी बोलली नव्हती. मुलीकडचं कोण बोलतं, हे मला समजतं. पण समजून काय उपयोग, गिळलं ते गिळलंच.

मग उंबऱ्यावर तू आलीस. माप ओलांडायचं होतं. बायांनी ते गाणं धरलं, जे आता आपल्या गावात प्रत्येक नवरीच्या वेळी म्हणतात, पण मुळात आमच्या घरचं, मायचं आहे. 'उंबरावर दिवा, आंगनमा पानी, मना घर कौतिक ऊनं.' माझ्या घरी नवल आलं म्हणे. सगळ्या बाया तुझ्याकडे बघून गात होत्या आणि मी ओवाळणीचं ताट धरून उभी. मोगरे, तू लाजून खाली बघत होतीस म्हणून माझं तोंड तुला दिसलं नाही. माझं नाव घेऊन बाया तुझं स्वागत करत होत्या. कौतिक आलं, कौतिक आलं, आणि आली कोण, तर मोगरा. मी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. 'ऊनं' वर मीच जास्त जोर दिला.

आता यंदाच्या अक्षय तृतीयेची, आपल्या आखाजीची गोष्ट. तू म्हणशील, तुझा राग तेवढ्यावरून. हो, तेवढ्यावरूनच. आखाजीला आपण सगळ्या माहेरवाशिणी जमलो, लिंबाला झोके बांधले, दरवर्षीसारखी वरची गल्ली एका झोक्यावर, खालची दुसऱ्यावर, आणि एकमेकींना गाण्यातून शिव्या. तू चार घरं ओलांडून आपल्या माहेरी, खालच्या गल्लीत गेलेली, सातव्या महिन्याचं पोट घेऊन बाजेवर बसलेली. या वर्षी शिव्यांचा कंटाळा आला म्हणून होड लागली ती नावं वेचायची. गाण्यांतून माणसांची नावं शोधून काढायची. देवांची चालणार नाहीत, नाहीतर गाणं तिथेच संपलं असतं. आयत्या वेळी घुसडलेलंही चालणार नाही, म्हाताऱ्यांच्या तोंडात जसं आहे तसंच हवं. आणि त्या नावाचं माणूस गावात जितं हवं, त्यानं उठून उभं राहायचं आणि गुळाचा खडा घ्यायचा. ज्या गल्लीला जास्त नावं सापडतील तिला दुसरीनं खापरावरचे मांडे करून घालायचे. निवाड्याला भिकुबाई. गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली, सगळी गाणी तिला पाठ, तिच्यापुढे कोण बोलणार.

काय मजा आली होती गं. झिपरूआबांचं नाव नांगरणीच्या गाण्यात निघालं तर म्हातारा काठी टेकत उभा राहिला आणि गूळ खाऊन बसेचना, पुन्हा एकदा म्हणा म्हणाला. रुपली निघाली, तोताराम निघाला. खालच्या गल्लीनं नथीचं गाणं म्हणून नथ्थूला उभं करायचा प्रयत्न केला आणि भिकुबाईनं त्याला हाकललं, तेव्हा मी हसून हसून झोक्यावरून पडायची राहिले. मग तुमच्या बाजूनं कुणीतरी म्हटलं, 'आंगनमा मोगरा, वास गया नगरा.' मी म्हटलं, ते फूल आहे, माणूस नाही. पण भिकुबाईनं मान हलवली. तू पोट सावरत उठलीस, गूळ घेतलास, सगळ्या बाया तुझ्याकडे अशा बघत होत्या. म्हटलं ठीक आहे. फूल चालतं ना? मग माझंही चालेल. आमचं शेवटचं नाव म्हणून मी झोक्यावर उभी राहिले आणि माझंच गाणं म्हटलं, उंबरावर दिवा, आंगनमा पानी. सगळ्या गल्लीनं पुढचं उचललं, 'मना घर कौतिक ऊनं.' मी गूळ घ्यायला हात पुढे केला. पुढे केलेला हात, मोगरे, तसाच राहिला.

भिकुबाई म्हणाली, "फूलनं नाव ते नावच शे. कौतिक तं करतस, ते काय मानूस शे का?"

बाया हसल्या. त्यांत वाईट काही नव्हतं, मीही त्यांच्या जागी हसले असते. भिकुबाईचं खरंच होतं, कौतिक 'ऊनं' म्हटल्यावर ते नवलच झालं, बाई कुठली? पण आधी धुळ्यानं माझं नाव पुसलं होतं, आता गावानंही सांगितलं की तू नाव नाहीसच, नुसता शब्द आहेस. माय आत चुलीपाशी खापरावर मांडे टाकत होती, तिला बाहेर काय चाललंय पत्ता नव्हता. आणि तू बाजेवर बसून कैरीची फोड मिठाला लावत होतीस. तू हसली नाहीस, हे मी पाहिलं. पण काही बोललीही नाहीस. मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं निघाले. मायला सांगितलं, यांचं कोर्टात काम वाढलंय, जेवणाचे हाल होतात. तुझ्या दारावरून गेले, थांबले नाही. मांडे आमच्याच गल्लीनं घातले असतील तुम्हाला, असं मी धरून चालले, मी तर नव्हते थापायला.

त्यानंतर तुला मुलगी झाल्याचं कळलं. मग भावाचं कार्ड. तेव्हा माझ्या मनात काय काय आलं ते सांगते, ऐक. पाळण्याशी मी वाकणार, कान माझ्या तोंडाशी, कुर्र म्हणणार, आणि एकदा मी उच्चारलं की ते नाव ब्रह्मदेवालाही बदलता येणार नाही. दगडी म्हणावं का? धोंडी? का सरळ सुनंदाच ठेवावं, म्हणजे तूही जन्मभर तेच नाव घेऊन हाका मारत बसशील? भाकऱ्या थापता थापता मी एकेक नाव जिभेवर घोळवून बघत होते. मुलीचा काय दोष, असं मनात यायचं, पण मग तुझ्या हातातला तो गुळाचा खडा आठवायचा आणि भाकरी जरा जोरातच थापली जायची. हे एकदा म्हणाले, आज भाकऱ्या पातळ झाल्यात. म्हटलं, खा.

आणि मागच्या आठवड्यात दारात भिकुबाई. डोळ्याचा मोतीबिंदू काढायला इथल्या दवाखान्यात आणलंय, दवाखान्यातून सोडल्यावर चार दिवस आमच्याकडे टेकली आहे. डोळ्यावर हिरवी पट्टी, त्यामुळे दिसत काही नाही, म्हणून सगळं तोंडानंच करते. पहिल्या दिवशी मी तिच्याशी धड बोललेही नाही, चहा पुढे सरकवला. दुसऱ्या दिवशी मी तिच्या हातात दुधाची वाटी दिली तर तिनं माझा हात धरला. म्हणाली, तू रुसून गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी मोगरा आली होती भांडायला, ते तुला कळलं का? मी म्हटलं, मला कोण कळवणार.

मग तिनं सांगितलं. तू पोट घेऊन, भर उन्हात, पदर तोंडाला लावून तिच्या ओट्यावर येऊन बसलीस. म्हणालीस, भिकूमाय, तुझा निवाडा चुकला. रोज पहाटे मी सासूबाईंच्या समोर बसते, जात्याची घरघर मधे असते म्हणून बाकीच्यांना ऐकू येत नाही, पण मला त्यांचे ओठ दिसतात. त्या ऊनं म्हणत नाहीत. भिकुबाईनं तुला उडवून लावलं, म्हणाली, सगळं गाव ऊनं म्हणतं. तेव्हा तू जे म्हणालीस ते तिनं मला तुझ्याच आवाजात करून दाखवलं.

"पानीसंगे ऊनं कसं जुळी, भिकूमाय? पानी, ऊनी. ऊनीच शे ते."

भिकुबाईनं ती ओळ तोंडातल्या तोंडात म्हणून बघितली. मग तिला आठवलं. माझा जन्म तिच्याच हातचा. माय बाळंतिणीच्या खोलीतून उठून पहिल्यांदा जात्याला बसली ती हीच ओवी घेऊन. ऊनीच होती. पुढे कुणाच्या तरी लग्नात बायांनी ती नवरीसाठी धरली, चार गळ्यांत गेली आणि ऊनीचं ऊनं झालं. कुणाचं लक्ष गेलं नाही, माझं स्वतःचंही नाही. मायनं घरात पूर्वीसारखंच म्हणत ठेवलं, बाहेर कोण काय म्हणतं याच्याशी तिला काय. भिकुबाईनं पुन्हा सगळ्या बाया बोलावल्या, निवाडा फिरवला. तुझी गल्ली हरली आणि तुम्हीच आमच्या गल्लीला मांडे घातले. आणि माझं नाव गायलं तेव्हा उभं राहायला मी नव्हते, म्हणून माझ्या जागी तू उभी राहिलीस. गुळाचा खडा तू खाल्ला नाहीस, मायजवळ देऊन ठेवलास.

हे ऐकून मी काय केलं असेल? डोळे पुसले, असं काहीतरी तुला वाटत असेल. तसं काही नाही. मी आत जाऊन भांडी घासली. यांना जेवताना सगळं सांगितलं, तर कोर्टातला माणूस, म्हणाले, म्हणजे 'आलं' च्या जागी 'आली', एवढंच ना? एवढंच. या एका वेलांटीपायी मी वैशाखाच्या उन्हात माहेर सोडून आले, हे त्यांना काय सांगू. आणि मोगरे, मी आधीपेक्षा जास्त जळायला लागले. कारण बघ ना. मी रोज सकाळी उठून सुनंदा होते, आणि त्याच वेळी तिकडे माय माझं नाव घेते, खरं, बाईचं, माझं एकटीचं. कौतिक ऊनी. आणि ते रोज कोण ऐकतं? तू. मला वाटत होतं माय तुला ओव्यांत गुंफते. ती मलाच गुंफत होती आणि पोचत होतं ते तुझ्यापाशी. त्यातून ते तूच ओळखलंस. मी का नाही ओळखलं? लग्नाआधी मीही त्या जात्याला बसायचीच की, पण अर्धी झोपेत. माझ्या गाण्यातली चूक तुला कळावी आणि मला कळू नये, याचाही मला राग येतो. फक्त एका गोष्टीचं समाधान आहे ते सांगून ठेवते. गाण्यातला मोगरा 'तो' असतो. तो फुलतो, त्याचा वास जातो. तेव्हा खरं तर तुझाच निवाडा खोटा, माझी ऊनी तेवढी खरी बाई. गूळ परत कर.

भिकुबाईनं तुझा निरोपही दिला, आणि हे पत्र मी लिहायला बसले ते त्या निरोपासाठी. तुझं म्हणणं, आत्यानं आपलंच नाव लेकीला द्यावं, धुळ्यात ती सुनंदाच आहे, कौतिक नाव नुसतं पडून राहिलंय. तुझ्या मनात चांगलंच असणार, मला शंका नाही. पण नाही, मोगरे. मी ते देणार नाही. पडून राहिलेलं नाही ते, मायच्या तोंडात रोज उठतंय. उद्या तुझी लेक कौतिक झाली की त्या ओवीत ती येऊन बसेल आणि मी आयुष्यभर विचार करत राहीन, ओवी माझी की तिची. तुला घर दिलं, भाऊ दिला, मायच्या समोरची जागा दिली. हे एक राहू दे माझ्याकडे. मी बारशाला येते आहे, भावाला सांग. लेकीसाठी नाव शोधलंय, चांगलं आहे, दगडी नाही, घाबरू नकोस. आत्ता सांगणार नाही, ते आधी तिच्या कानात जाईल. कुठल्याच गाण्यात ते नाही, भिकुबाईला विचारून खात्री करून घेतली आहे. म्हणजे मायला तिच्यासाठी नवीन ओवी जोडावी लागेल, आणि ती तू पोटभर ऐक, मी हरकत घेणार नाही. बदल्यात मला एक हवंय. बाळंतिणीला अजून जात्याला हात लावू देत नसतील, म्हणजे तुझी जागा रिकामी आहे. तिथे शेजारपाजारची कुणी बसवू नकोस. मी आदल्या दिवशी येईन आणि बारशाच्या पहाटे मायच्या समोर मी बसेन. तिला यातलं काही सांगू नकोस, ती रोज म्हणते तशीच म्हणू दे. तू लेकीला घेऊन आत पडून राहा, जागी असलीस तरी आवाज करू नकोस. ते शेवटचं अक्षर एकदा माझ्या कानांनी मला ऐकू दे.

पाकिटावर मागे सौ. सुनंदा लिहिलंय, ते पोस्टमनसाठी.

तुझीच, जळकी का होईना,
कौतिक